ओंडा फोडण्याची विद्या

शहरांतल्या बहुतेक घरांतून चूल आणि बंब नाहींसे होऊन एक पिढी लोटली. २०१६ सालापासून उज्ज्वला योजनेमुळें खेड्यांतल्याहि पुष्कळ घरीं गॅसची टाकी पोंचली. अशा दिवसांत ओंडा फोडण्याविषयीं बोलण्याचें प्रयोजन काय, असें आपल्यापैकीं कोणी विचारलें, तर तो प्रश्न अगदीं रास्त आहे. कांहीं वर्षांपूर्वीं मींहि तोच विचारला असता.

२०२० सालीं जून महिन्याच्या ३ तारखेस 'निसर्ग' नांवाचें चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर येऊन आदळलें. ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाचा वारा सुटला, आणि श्रीवर्धनाच्या आसपासच्या वाड्यांतून आंबे, फणस, पोफळी, सुरू असे लहानथोर वृक्ष आडवे झाले. आमच्या वडिलोपार्जित घराच्या परसांत एक जुना आंबा, एक फणस आणि कुंपणालगतची चिंच अशीं तीन झाडें एकाच दुपारीं पडलीं. वीज गेली, ती कित्येक दिवस आली नाहीं. टाळेबंदीचे दिवस, मजूर मिळेनात. यांत्रिक करवत असलेला एक मनुष्य मोठ्या मिनतवारीनें एका दिवसापुरता मिळाला. त्यानें खोडांचे हात-दीड हात लांबीचे तुकडे करून दिले आणि तो पुढच्या घरीं निघून गेला. पाऊस तोंडावर आलेला. परसांत मिठी न पुरेल एवढे घेराचे ओंडे पडलेले, आणि त्यांच्यामध्यें एक कुऱ्हाड घेऊन मी, ज्यानें पुण्याच्या वखारींतल्या चिरलेल्या लांकडांपलीकडे कांहीं पाहिलें नव्हतें.

प्रथम मनांत आलें कीं, ओंडे तसेच पडवींत रचून ठेवावे. वाळले म्हणजे पाहूं. शेजारीं एक वृद्ध गृहस्थ राहत. सारी आळी त्यांना आबा म्हणे. ते कुंपणापाशीं येऊन म्हणाले, "अरे, हे वाळायचे नाहींत. कुजतील."

आबांचें म्हणणें शास्त्राला धरूनच होतें. ताज्या तोडलेल्या लांकडाच्या वजनापैकीं जवळजवळ निम्में वजन पाण्याचें असणें ही कांहीं मोठी गोष्ट नव्हे. हें पाणी ज्या सूक्ष्म नळ्यांतून वर चढतें त्या खोडाच्या लांबीच्या दिशेनें गेलेल्या असतात. म्हणून तें बाहेर पडतें तेंहि मुख्यतः दोन्ही टोंकांच्या कापांतूनच. सालींतून तें फारसें जात नाहीं, कारण पाणी राखणें हेंच सालीचें एक काम आहे. अखंड ओंडा महिनेच्या महिने पडून राहिला तरी गाभ्याशीं ओलाच असतो, आणि त्या ओलीवर बुरशी आणि भुंगेरे दोन्ही पोसतात. तोच ओंडा चिरला म्हणजे वाऱ्याला नवे पृष्ठभाग मिळतात. शिवाय ओलें लांकूड जाळणें हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. एक किलो पाण्याची वाफ करण्यास सुमारें ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. ती आपल्या आंघोळीच्या पाण्याला न मिळतां ओंड्यांतल्या पाण्याला मिळते. आपल्या वांट्याला धूर येतो. हा धूर चुलीपाशीं बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांत आणि छातींत जातो, एवढेंच ध्यानांत घेतलें तरी लांकूड वेळेवर फोडून वाळविण्याचें महत्त्व कळेल.

मीं लगेच कुऱ्हाड उचलली आणि सर्वांत मोठ्या ओंड्याच्या बरोबर मध्यावर घाव घातला. कुऱ्हाड चार बोटें आंत गेली आणि तेथेंच बसली. ती काढण्यांत घटका गेली. दुसरा घाव निसटता बसून पातें ओंड्याच्या कडेवरून घसरलें तें माझ्या बुटाच्या टोंकापासून वितीवर जमिनींत रुतलें. आबा कुंपण ओलांडून आंत आले. "मारतोस काय असा? आधीं बघ तरी, तो कुठून उकलायला बघतोय!"

हें बघणें म्हणजेच निम्मी विद्या होय. लांकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या लांब तंतूंची जुडी. ही जुडी आडवी तोडूं गेल्यास प्रत्येक तंतु तोडावा लागतो. पण तंतू एकमेकांपासून विलग करण्यास त्या मानानें फार थोडें बळ पुरतें. त्यांतहि एक सोयीची दिशा आहे. गाभ्यापासून सालीकडे चाकाच्या आऱ्यांप्रमाणें जाणारे नाजुक पट्टे लांकडांत असतात. त्यांच्या अनुरोधानें लांकूड सहज दुभंगतें. ओंड्याचा काप उन्हांत कांहीं दिवस राहिला कीं, त्याच दिशेनें बारीक चिरा पडूं लागतात. वाळतांना लांकूड वर्तुळांच्या दिशेनें जितकें आकसतें त्याच्या सुमारें निम्मेंच तें आऱ्यांच्या दिशेनें आकसतें. ह्या ओढाताणींतून त्या चिरा जन्माला येतात. म्हणजे ओंडा आपण होऊन फुटण्याची जागा दाखवीत असतो. आबांनीं ओल्या फडक्यानें कापावरचा भुसा पुसला, नखानें एक चीर दाखविली, ओंड्याभोंवतीं एक फेरा घालून फांदीची गांठ कोठें आहे तें पाहिलें, आणि गांठीपासून दूरच्या बाजूस, मध्यावर नव्हे तर कडेजवळ, खडूनें खूण केली. कडेजवळ अशासाठीं कीं, तेथें लांकडाला एका अंगानें बाहेर सरकण्यास मोकळीक असते. मध्यावर मात्र चहूंकडून तें स्वतःलाच आवळून धरतें.

पुढचें काम कुऱ्हाडीचें नव्हे, पाचरीचें. कुऱ्हाडीचें पातळ पातें कापण्यासाठीं असतें. तें खोल शिरतें पण भेग रुंद करीत नाहीं. पाचर सहा इंच लांब आणि डोक्याशीं एक इंच जाड असेल, तर ती सहा इंच आंत जाईल तेव्हां भेग एक इंच रुंदावेल. म्हणजे घणाचा जोर सहापट होऊन बाजूंवर पडावा, असा हिशेब. प्रत्यक्षांत त्यांतला बराचसा घर्षणांत जातो. पण त्याच घर्षणामुळें पाचर उसळून परत येत नाहीं, हा त्याचा उपकारहि विसरूं नये. आबांच्या घरीं दोन लोखंडी पाचरी होत्या. तीन लांकडी त्यांनीं खैराच्या तासून घेतल्या. पहिली पाचर हलक्या हातानें उभी बसवावयाची, मग घणाचे घाव. फार ताकद लावण्याचें कारण नाहीं. घण दुप्पट वेगानें आला तर त्याच्या घावांतली शक्ति चौपट होते. म्हणून तो नीट उंचावून सैल हातानें सोडणें हें दांतओठ खाण्यापेक्षां फलदायी. चारसहा घावांनंतर लांकडांतून एक कडकड असा बारीक आवाज येतो. आबा तो ऐकून हात थांबवीत. भेग आपण होऊन थोडी पुढें चालते. तिला वेळ द्यावा. मग चीर ओंड्याच्या अंगावरून जेथवर उतरली असेल तेथें दुसरी पाचर ठोकावयाची, म्हणजे पहिली सैल होते. ती काढून आणखी पुढें, आणि मागें राहिलेल्या रुंद भेगेंत लांकडी पाचर. शेवटीं दोन्ही भागांना बांधून ठेवणारे कांहीं चिवट धागे उरतात. कुऱ्हाडीचा उपयोग खरा तेथें.

भेगेंत हात घालावयाचा नाहीं, हें आबांनीं तीनतीनदां बजावलें. आपल्यापैकीं प्रत्येकानें पंचतंत्रांतली खुंटी उपटणाऱ्या वानराची गोष्ट लहानपणीं ऐकली असेल. सुतारांनीं अर्धवट चिरलेल्या खांबांत खैराची पाचर ठोकून ठेवली होती, वानरानें ती उपटली आणि तो चिमटून मेला. नसत्या उठाठेवीबद्दलची बोधकथा म्हणून आपण ती मुलांना सांगतों. परंतु ज्यानें ती रचिली त्याला लांकूड चिरण्याची चांगली माहिती असली पाहिजे. दोन बाजूंस वांकवून धरलेलें लांकूड हें ताणलेल्या धनुष्यासारखें असतें, आणि पाचर निघतांच तें एका क्षणांत मिटतें.

दुसरा धोका पाचरीच्या डोक्याचा. घणाच्या घावांनीं लोखंड पसरतें आणि कडा छत्रीसारख्या बाहेर वळतात. अशा कडेचा कपचा उडाला म्हणजे तो बंदुकीच्या छऱ्यासारखा येतो. डोळा जावयास एवढेंसें कारण पुरे. त्या कडा कानशीनें वरचेवर घासून टाकाव्या आणि डोळ्यांवर जाड चष्मा असावा. कुऱ्हाडीच्या डोक्यावर घण मारून तिचीच पाचर करूं नये. ती त्यासाठीं घडलेली नसते. दांडा सैल नाहीं ना, हें रोज पाहावें. पाय फांकवून सारख्या पातळीवर ठेवावे आणि घाव उतरतांना गुडघे वांकवावे, म्हणजे नेम चुकला तर पातें नडगीवर न येतां जमिनींत जातें. मुलें घणाच्या आवाजानें जमतात. त्यांना दोन काठ्यांच्या अंतरावर बसवावें. आमच्या मुलांनीं सायकलची जुनी रबरी नळी आणून दिली, तिचा मात्र फार उपयोग झाला. लहान ओंड्याभोंवतीं ती आवळून बांधली कीं, चिरफळ्या इकडेतिकडे न उडतां जागच्या जागीं उभ्या राहतात.

सर्व झाडें सारखीं नसतात, हें सांगावयास नकोच. किनाऱ्यावरचा सुरू चांगला फुटतो आणि ओलसर असला तरी पेट घेतो. पोफळीच्या खोडाला गाभ्यापासून निघणारे आरे मुळीं नसतातच; तें उभें चिरतें तें सरळ पट्ट्यांनीं, आणि मऊ गाभा खरवडून काढला कीं पाण्याची पन्हळ तयार होते. आमच्या आंब्यानें आठवडाभर श्रम घेतले, पण तो वश झाला. फणसाचा सरळ भाग आबांनीं फोडूंच दिला नाहीं. "दाराच्या फळ्या होतील ह्याच्या, पिवळा गाभा चुलींत घालतोस?" तो ओंडा सुताराकडे गेला, आणि पुढल्या वर्षीं पडवीचें नवें दार त्याचें झालें.

राहिली चिंच. तिचे तंतु एका थरांत उजवीकडे कलतात तर पुढच्या थरांत डावीकडे, त्यामुळें ते एकमेकांत विणल्यासारखे होतात. खाटकाचा ठोकळा चिंचेचा करतात तो ह्याचसाठीं. सुरी कितीहि चालली तरी तो दुभंगत नाहीं. तिच्या फांद्या आम्हीं कशाबशा फोडल्या. बुंध्याच्या तुकड्यांत चारहि बाजूंनीं पाचरी घातल्या, तेव्हां चीर हातभर जाऊन पुन्हा वळली आणि एक लोखंडी पाचर डोक्यापर्यंत आंत बसली. मीं घण पुन्हा उचलला. "आबा, आणखी एक घाव घालतों." "पुरे," ते म्हणाले. "हिला राहूं दे."

पहिला पाऊस त्याच रात्रीं आला. तोंवर आंब्याच्या चिरफळ्या पडवींत, खालीं दोन आडव्या वाशांवर, मधून वारा खेळेल अशा आडव्याउभ्या थरांनीं रचून झाल्या होत्या. पुढचा सबंध हिंवाळा त्यांवर पाणी तापलें. चिंचेचा तो बुंधा आडाशेजारीं तसाच आहे. बायका त्यावर कपड्यांची बादली ठेवतात. लोखंडी पाचर अजून त्याच्या पोटांत आहे, आणि दर पावसाळ्यांत तिच्या गंजाचा तांबूस ओघळ बुंध्यावरून खालीं उतरतो.