सावड : शेजारधर्माचा हिशेब

शहरात राहणाऱ्या आपणा सर्वांची खेड्यातील शेजारधर्माविषयी एक गोड समजूत असते. एकाच्या घरी अडचण आली की सारे गाव धावून जाते आणि हे सर्व केवळ माणुसकीपोटी घडते, अशी ती समजूत होय. तीत तथ्य नाही असे नव्हे. परंतु ती अपुरी आहे. वऱ्हाडातील शेतकरी ज्या प्रथेला सावड म्हणतो ती नीट पाहिली, तर तिच्या मुळाशी माणुसकीबरोबर एक चोख हिशेबही असल्याचे आढळून येते. आमच्या मते या हिशेबातच तिचे बळ आहे, आणि तिची मर्यादाही त्यातच आहे.

सावड समजून घ्यावयाची तर आधी जमीन पाहिली पाहिजे. अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहणाऱ्या पूर्णेचे खोरे काळ्या, खोल मातीचे आहे. ही माती ओली असली म्हणजे वखराच्या पासेला चिकटते, बैलांचे पाय रुततात. वाळली म्हणजे दगडासारखी होते आणि तिला मोठमोठ्या भेगा पडतात. या दोहोंच्या मध्ये जो वाफसा येतो, तेवढ्या अवधीत वखर, तिफन आणि पुढे डवरा चालवून घ्यावयाचा. हा अवधी काही दिवसांचाच असतो. त्यातून या खोऱ्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यात मोडतो. विहिरीचे पाणी खारे, पिकाला निरुपयोगी. तेव्हा सारी भिस्त पावसावर. अशा मुलखात ऐन मृगात एखाद्याचा बैल बसला, किंवा कर्ता माणूस तापाने अंथरुणाला खिळला, तर त्याचे नुकसान आठ दिवसांचे नसते, वर्षाचे असते. पदरी पैसा असला तरी त्या वेळी बैल मिळत नाही, कारण सर्वांनाच तो एकाच वेळी हवा असतो.

येथे सावड उपयोगी पडते. ज्याच्या दावणीला एकच बैल, तो तशाच दुसऱ्याला गाठतो. दोघांच्या बैलांची मिळून जोडी होते आणि ती आज याच्या, उद्या त्याच्या शेतात चालते. कोणाजवळ जोडी आहे पण तिफणीमागे चालावयास माणूस नाही, कोणाजवळ माणसे आहेत पण जोडी नाही. तेही असेच एकत्र येतात. निंदणाला बायका एकमेकींच्या शेतात पाळीपाळीने जातात. पैशाची देवघेव नाही, दिवसाला दिवस. जोडीच्या एका दिवसाबद्दल माणसाने किती दिवस राबावयाचे, हे ज्या त्या ठिकाणच्या रिवाजाने ठरे. त्यासाठी वही लागत नसे. पण फेड चुकविणारा गावाच्या लक्षात राही आणि पुढच्या हंगामात त्याच्या बांधावर कोणी उभे राहत नसे. देशावर जिला इरजीक म्हणतात ती थोडी निराळी. तेथे अनेकांची औते एकाच दिवशी एकाच्या शेतात उतरतात आणि शेतधनी सर्वांना पोटभर जेवू घालतो. तेवढ्यावर फेड होते.

मात्र सावड ही बरोबरीच्यांत चालते, ही गोष्ट गावगाड्याचे गोडवे गाताना आपण विसरतो. ज्याच्यापाशी परत करण्याजोगा बैल वा बांध नाही, त्या भूमिहीनाला सावड नाही, त्याला मजुरी. जातीची भिंतही या देवघेवीच्या आड येत असे. एकट्या पडलेल्या विधवेचे शेत शेजाऱ्यांनी पेरून दिल्याची उदाहरणे पुष्कळ ऐकावयास मिळतात, पण तो उपकार झाला. आणि उपकारावर दरवर्षीची पेरणी होत नाही.

दुसरी मर्यादा अधिक कठोर आहे. सावडीतील सर्वांची शेते एकाच ढगाखाली असतात. एकाचा बैल मेला तर दुसऱ्याचा धावून येतो; पण पाऊसच आला नाही तर कोणी कोणाकडे जावयाचे? इ. स. १८९९-१९०० चा, म्हणजे संवत् १९५६ चा, छप्पनचा दुष्काळ वऱ्हाडाने असाच भोगला. चाऱ्यावाचून गुरे मेली. त्या वर्षी शेजारधर्म आटला असे म्हणणे अन्यायाचे होईल. द्यावयास शेजाऱ्याजवळही काही उरले नव्हते.

या कोड्याशी जर्मनीतही एका माणसाने झुंज घेतली होती. १८४६-४७ च्या उपासमारीत वायरबुश येथील नगराध्यक्ष फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन याने लोकांकडून पैसा जमवून गरिबांना उधारीवर भाकरी मिळवून देणारी संस्था काढली. पुढे त्यातूनच ग्रामीण पतपेढ्यांची कल्पना वाढली. एकमेकांस ओळखणाऱ्या शेतकऱ्यांनी एकत्र कर्ज काढावयाचे आणि एकाच्या कर्जाला सर्वांनी जामीन राहावयाचे. ही पैशाची सावडच झाली. हिंदुस्थानात १९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला, तो ग्रामीण संस्थांपुरता याच धर्तीवर. परंतु गावचे पीक बुडाले की सारी जामीनकी एकदम बुडावयाची, हा दोष त्यातही राहिला. १९१२ च्या कायद्याने संस्थांच्या संघांना व मध्यवर्ती बँकांना मान्यता दिली, तेव्हा एका गावचा तोटा अनेक गावांत वाटून घेण्याची सोय झाली. सावडीचा घेर एका ढगाबाहेर नेण्याची ही खटपट होती असे आम्ही समजतो. पुढे वसुलीचे व राजकारणाचे जे झाले, तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

आज बैलजोड्या कमी झाल्या. ट्रॅक्टर भाड्याने येतो, आणि त्याचे भाडे दिवसाने फेडता येत नाही. रोख द्यावे लागते. बियाणे, खत, औषध सारे रोखीचे. त्यामुळे अडचणीचे रूपच पालटले. मेलेला बैल साऱ्या गावाला दिसत असे. सावकाराकडचा कागद शेजाऱ्याला दिसत नाही, आणि तो दाखविण्याची लाज वाटते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी हा मुलूख हादरला, तेव्हा २००६ साली केंद्र सरकारने अमरावती, अकोल्यासह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. एवढ्या मोठ्या संकटाला सरकारी मदत हवीच होती. पण कोणाच्या घरी चूल पेटली नाही, कोण चार दिवस बोलेनासा झाला आहे, हे दिल्लीला कळत नाही. ते बांधाला बांध लागून असलेल्यालाच कळते.

सावड अगदी संपली असेही नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेसाठी राज्यातील जे पहिले तीन तालुके निवडले गेले, त्यांत अमरावती जिल्ह्यातील वरूड होता. संत्र्याच्या बागांनी भूगर्भातील पाणी उपसून खोल गेलेला हा तालुका. येथे लोकांनी चर खणले, बांध घातले. पाणी कोणा एकाच्या सातबाऱ्यावर थांबत नाही, म्हणून या कामात दिवसाला दिवस असा हिशेब मांडता येत नव्हता. पुढे १ मे २०१८ च्या महाश्रमदानाला राज्यभरातील शहरांतून माणसे खेड्यांत कुदळ-फावडे घेऊन गेली. त्यांच्या त्या एका दिवसाची फेड गावाने कशी करावयाची, याचा रिवाज अद्याप बसलेला नाही.