बनी तो बनी, नाही तर परभणी!

दिवाळीला परभणीला पोचलो आणि बॅग खाली ठेवायच्या आतच ताईनं फर्मान सोडलं, ‘‘पोरगी ऐकेना झालीय. म्हणते, रनिंगमध्येच करिअर करायचं. तू पुण्याला नोकरीला आहेस, तूच सांग तिला, यात पगार किती मिळतो ते!’’

आता पगार म्हणजे आपला जिव्हाळ्याचा विषय. सीटीसी, इन्क्रिमेंट, बोनस... बाजूच्या क्युबिकलवाल्याचा आकडाही आपण बरोब्बर ओळखतो. म्हटलं, लॅपटॉप आहेच, एक एक्सेल शीट केली की भाची गपगार!

पहिलं नाव अर्थातच गावातलं. ज्योती गवते, आमच्या परभणीची. 2017 च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली, वेळ 2 तास 50 मिनिटं 53 सेकंद. मग 2018, 2019 आणि 2020, सलग तीन वर्षं दुसरी. तिन्ही वेळा पुढे होती सुधा सिंग. 2020 ला दोघींत अंतर होतं 3 मिनिटं 44 सेकंदांचं. पहिलीला 5 लाख, दुसरीला 4 लाख. म्हणजे 42 किलोमीटर पळायचं आणि पावणेचार मिनिटांचे एक लाख मोजायचे! बरं, हा पगार नव्हे, बक्षीस. एक तारखेला खात्यात काही पडत नाही. शर्यतीआधी घोटा मुरगळला, की तेही गेलं.

दुसरा कॉलम कबड्डीचा. 2014 ला प्रो कबड्डीच्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग ठरलेला राकेश कुमार 12.80 लाखांना गेला. कोल्हापूर जिल्ह्यातल्या सिद्धार्थ देसाईला 2018 मध्ये यू मुम्बानं 36.40 लाखांना घेतलं. त्यानं धुमाकूळ घातला आणि 2019 ला तेलुगू टायटन्सनं त्याच्यावर 1.45 कोटी लावले. वर्षभरात जवळपास चौपट! असं अप्रेझल कुणाला नको? पण 2021-22 च्या सीझनमध्ये दुखापत झाली आणि बहुतेक सामने त्याच्याविनाच झाले.

तिसरा कॉलम थेट अमेरिकेचा, बेसबॉलचा. तिथं 1967 मध्ये मेजर लीगच्या खेळाडूचा किमान पगार होता वर्षाला 6,000 डॉलर. कारण? एकदा करार केला, की क्लब सोडेल तेव्हाच सुटका. विचार करा, आपल्याला जॉब बदलायलाच बंदी असती तर! खेळाडूंची युनियन भांडत राहिली. 1975 मध्ये लवादानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला आणि दुसऱ्या टीमकडे जायची वाट मोकळी झाली. 2025 चा किमान पगार आहे 7 लाख 60 हजार डॉलर!

तीन कॉलम शेजारीशेजारी पाहिले आणि ट्यूब पेटली. घाम तिन्हीकडे सारखाच. आकडा फुगतो तो दोन मालक एकाच खेळाडूसाठी बोली लावतात तिथं. पळणाऱ्या पोरीला ना टीम, ना लिलाव. तिच्यासाठी हक्काचा पगार म्हणजे नोकरी. महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पण त्यासाठी स्पर्धेतलं मेडल आणि सर्टिफिकेट हवं.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाचीबरोबर कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर गेलो. ती पळत होती, मी स्कूटीवर. तिला शीट दाखवली. शांतपणे वाचली तिनं. मग म्हणाली, ‘‘मामा, यातलं बरंचसं मला माहितीये. बेसबॉलचं तेवढं नव्हतं.’’

घरी येऊन ताईला सांगितलं, ‘‘पळू दे. पण ग्रॅज्युएशन सोडायचं नाही, सर्टिफिकेटांची फाइल नीट ठेवायची आणि तीन वर्षांनी पुन्हा हिशेबाला बसायचं.’’

ताईनं कपाळावर हात मारला, ‘‘आणि नाही जमलं तर? बनी तो बनी, नाही तर परभणी?’’

बुटांच्या लेस सोडता सोडता भाची हसली, ‘‘मग काय झालं आई? परभणीत तर मी आहेच की!’’