हिवाळ्याची बेगमी

कोकणात पावसापूर्वी आपल्या घरांत चार महिन्यांची बेगमी होई: तांदूळ, पोहे, आमसुले, पापड. ब्रिटनमध्ये ती हिवाळ्यापूर्वी करावी. नोव्हेंबर २०२१ च्या आर्वेन वादळात सुमारे दहा लाख घरांची वीज गेली. काही हजार घरे आठवड्याहून अधिक काळ विजेविना होती. वीज नसेल तर गॅसचा बॉयलरही चालत नाही.

म्हणून न शिजवता खाता येईल असे तीन दिवसांचे जिन्नस ठेवावेत: पोहे, खजूर, डबाबंद हरभरे, सार्डिन मासे, सोबत हाताने चालणारा ओपनर. मलिद्याला तर विस्तव लागतच नाही. भिजवलेले पोहे, सुके खोबरे, साखर, वेलची पुरते. पिण्याचे पाणी माणशी रोज तीन लिटर धरावे.

फ्रीज उघडू नये. बंद फ्रीजमध्ये अन्न सुमारे ४ तास टिकते, भरलेल्या फ्रीझरमध्ये ४८ तास. मेणबत्तीपेक्षा टॉर्च बरा.

वीज गेल्यास १०५ हा मोफत क्रमांक फिरवावा. वृद्धांनी वीज कंपनीच्या ‘प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टर’मध्ये आजच नाव नोंदवावे, त्यास पैसे पडत नाहीत.

शब्बाथची तयारी आदल्या दिवशी करण्याची आपल्याला सवय आहेच. तशीच दर हनुक्काला डब्यांवरील तारखा पाहण्याची लावून घ्यावी.