वस्त्राचा काच आणि त्वचेचा कर्करोग

त्वचा हा मानवी शरीराचा सर्वांत विस्तृत अवयव होय. ऊन, धूळ व रोगजंतू यांचा पहिला मारा तीच सोसते. तिच्या वरच्या थरातील पेशी नित्य झडतात व तळच्या थरातील पेशी विभागून त्यांची जागा भरून काढतात. हे कार्य एरव्ही नियमाने चालते. परंतु काही पेशी हा नियम झुगारून अनिर्बंध वाढू लागल्या, म्हणजे त्या विकारास त्वचेचा कर्करोग म्हणतात. तो स्पर्शाने पसरत नाही, हे प्रथमच ध्यानात ठेवावे.

या रोगाचे मुख्य प्रकार तीन. तळच्या पेशींपासून होणारा कर्करोग बहुधा चेहऱ्यावर उद्भवतो. तो सावकाश वाढतो व दूरच्या अवयवांत क्वचितच पसरतो. मात्र उपेक्षा केल्यास नाक वा पापणी पोखरून काढतो. दुसरा प्रकार वरच्या चपट्या पेशींचा. न भरणारा व्रण किंवा खरखरीत गाठ हे त्याचे रूप होय. तो लसीकाग्रंथींत पसरू शकतो. तिसरा मेलानोमा. त्वचेस रंग देणाऱ्या पेशींपासून होणारा हा प्रकार विरळा, परंतु सर्वांत घातक असतो.

सूर्यकिरणांतील जंबुपार किरण हे याचे एक प्रमुख कारण होय. सावळ्या त्वचेतील मेलानिन हे रंगद्रव्य त्या किरणांना बरेच अडविते. म्हणून गौरवर्णीयांच्या मानाने आपल्या देशात हा रोग कमी आढळतो. पण ‘कमी’ म्हणजे ‘नाही’ असे नव्हे. सावळ्या लोकांत मेलानोमा पुष्कळदा तळपायावर, तळहातावर अथवा नखाखाली होतो. ज्यांच्या त्वचेत जन्मतःच रंगद्रव्य नसते, त्यांनी तर उन्हापासून विशेष जपले पाहिजे.

ऊन हे मात्र एकमेव कारण नव्हे. लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ साली दाखवून दिले की, धुरांडी झाडणाऱ्यांना काजळीमुळे त्वचेचा कर्करोग होतो. १९१५ साली जपानमध्ये यामागिवा व इचिकावा यांनी सशांच्या कानांना अनेक महिने डांबर चोळून हा रोग निर्माण केला. पिण्याच्या पाण्यातील सोमल, तसेच भाजल्याचे जुने व्रण यांमुळेही तो होतो. काश्मीरात थंडीपासून रक्षणासाठी निखाऱ्यांची कांगडी अंगाशी धरतात. तेथे पोटावर व मांड्यांवर तो आढळला आहे.

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी सूर्याबाई यांच्यासह १९४५ साली धोतरामुळे होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन प्रसिद्ध केले. धोतर वर्षानुवर्षे कमरेच्या एकाच जागी घट्ट आवळले, की घर्षण व घाम यांमुळे तेथील त्वचा जाड होते, तिचा रंग पालटतो व कधीकधी तेथे कर्करोग होतो. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही परकराच्या नाडीच्या जागी तो आढळला. असे अर्थातच फार थोड्यांच्या बाबतीत घडते. म्हणून पोशाख टाकण्याचे कारण नाही. नाडी रुंद घ्यावी, सैल बांधावी व बांधण्याची जागा बदलीत जावे, एवढे पुरे.

खरी अडचण निराळीच आहे. कमरेवरचा व्रण वस्त्राखाली झाकलेला राहतो आणि संकोचाने तो कोणास दाखविला जात नाही. सामरवरणीच्या शिवारात अनवाणी राबणाऱ्या माणसाला तळपायाचा काळा डाग काट्याचाच वाटावा, हे स्वाभाविक आहे. तथापि महिनाभरात न भरणारा व्रण, आकार वा रंग बदलणारा तीळ, जुन्या भाजल्या जागी पुन्हा फुटलेली जखम, यांपैकी काहीही दिसल्यास वैद्यकीय तपासणी अवश्य करावी. रोग प्रारंभीच ओळखला, तर लहानशा शस्त्रक्रियेने तो बहुधा समूळ बरा होतो. विलंब झाल्यास तोच प्राणावर बेततो.

विद्यार्थीमित्रहो, आपल्या आजीच्या कमरेवर नाडीचा काळा वळ असेल, तर त्याची आदराने चौकशी करा. पुस्तकातील ज्ञान घरी पोहोचले, तरच ते सार्थकी लागले असे म्हणता येईल.