वामनदादा, वही आणि एक अडलेला शब्द

दरवर्षी १५ मे रोजी संध्याकाळी आमच्या वस्तीतल्या विहारात आम्ही लोककवी कालकथित वामनदादा कर्डक यांना अभिवादन करतो. २००४ साली याच तारखेला दादा गेले. त्रिसरण-पंचशील होते, दादांच्या फोटोला हार घातला जातो आणि मग भाषणे सुरू होतात. यंदा मात्र आम्ही कार्यकर्त्यांनी ठरवून भाषणे ठेवली नाहीत. गेल्या वर्षी दोन वक्त्यांनीच दीड तास घेतला, आणि ज्यांनी उभ्या तरुणपणी दादांच्या मागे कोरस धरला ती म्हातारी माणसे कोपऱ्यात बसून गुपचूप घरी गेली. ती गोष्ट आम्हाला वर्षभर सलत होती. म्हणून यंदा सतरंजी अंथरली, चहा ठेवला आणि सांगितले, ज्यांनी दादांना पाहिले, ऐकले, त्यांनीच बोलायचे.

पहिल्यांदा बोलले गिरणीतले काका. १९८२च्या संपानंतर ते घरी बसले ते कायमचेच. ते म्हणाले, "मला दादा आवडायचे ते गाण्याआधी त्या पत्रामुळे." पत्राची गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावी १९२२ साली जन्मलेले, गुरे राखणारे दादा पोटासाठी मुंबईत आले. तिथे कोणीतरी त्यांच्या हाती पत्र दिले आणि वाचून दाखवा म्हटले. दादांना अक्षर येत नव्हते. ती लाज त्यांच्या जिवाला लागली. देहलवी नावाच्या गुरुजींनी त्यांना अक्षरओळख करून दिली आणि जोडाक्षरे ते दुकानांच्या पाट्या वाचत शिकले. ज्याला पत्र वाचता आले नाही, त्या माणसाने १९४३ पासून पुढे साठ वर्षे बाबासाहेबांचा विचार गाण्यातून घरोघरी पोहोचवला. १९९३ साली वर्ध्याच्या पहिल्या आंबेडकरी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले.

काका बोलता बोलता थांबले. मग म्हणाले, "मी सही शिकलो पस्तिसाव्या वर्षी. दादांना जमलं तर आपल्याला का नाही, एवढंच मनात होतं." त्यांच्या सुनेने हे पहिल्यांदाच ऐकले. विहारातही कोणाला माहीत नव्हते.

मावशी उठल्या त्या हसतच. लग्न होऊन आल्यावर सासूच्या तोंडून ऐकलेले एक भीमगीत त्या भांडी घासताना, लेकराला निजवताना म्हणत. ते कोणी लिहिले याची त्यांना कल्पना नव्हती. एका जयंतीला गायकाने ते शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटले आणि त्यात 'वामन' हे नाव आले. सासूबाईंना तेवढे शेवटचे कडवेच पाठ नव्हते! "वीस वर्षं माणूस घरात राहत होता आणि मला नाव ठाऊक नव्हतं," मावशी म्हणाल्या. सगळे खूप हसले. 'सांगत्ये ऐका' (१९५९) या गाजलेल्या चित्रपटातही दादांचे गीत आहे, हे कोणीतरी सांगितल्यावर तरुण पोरांनी लगेच मोबाईल काढले.

दादांच्या गाण्यांचा आकडा कोणी काही सांगतो, कोणी काही. आम्ही पडलो कारकून, बेरीज जुळल्याशिवाय आम्हाला झोप येत नाही. पण इथे बेरीज जुळणे कठीण. पुस्तके निघाली, कॅसेटी निघाल्या, तरी कितीतरी गाणी अजून माणसांच्या पाठांतरातच आहेत, आणि ती माणसे एकेक करून जात आहेत. आमच्याच वस्तीतले ढोलकीवाले आबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची गाण्यांची वही घरच्यांनी रद्दीत दिली. दोष त्यांना कसा द्यावा? पावसात भिजलेली, कव्हर नसलेली वही. आम्ही तरी कधी मागायला गेलो होतो?

हेच बोलणे चालू असताना एका आजोबांनी पिशवीतून त्यांची वही काढली. किराण्याच्या हिशेबाची लांबट वही. एका बाजूला साखर, गूळ, रॉकेल. उलटीकडून दादांची गाणी. त्यातले एक त्यांनी म्हणायला घेतले. काकांनी साथ धरली. दुसऱ्या कडव्यात दोघे अडखळले. एकाचा शब्द 'घर', दुसऱ्याचा 'दार'. काका म्हणाले, मी स्वतः कोरसला होतो. आजोबा म्हणाले, मी ऐकता ऐकता लिहून घेतलंय. दोघेही पंचाहत्तरीच्या पुढचे, दोघेही मागे हटेनात. चहा निवला. आमच्याजवळच्या पुस्तकांत शोधले, पण ते गाणेच मिळाले नाही.

शेवटी मावशी म्हणाल्या, "अरे, भांडता कशाला? दादांनी एका गावात एक म्हटलं असंल, दुसऱ्या गावात दुसरं."

रात्री साडेअकराला सतरंजी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी आम्ही दोनशे पानांची नवी वही आणली. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी जुनी वही, कॅसेट किंवा नुसते पाठ असलेले एखादे कडवे असेल, त्यांनी ते आपल्या वस्तीतल्या कोणा लिहित्या मुलाकडून आजच उतरवून घ्यावे. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर ते गाणे आहे, आणि दुसऱ्या कडव्यात दोन्ही शब्द, एकाखाली एक.