टोकन मिळाले, पाणी मिळाले नाही

सांगलीच्या न्यायालयातली तारीख आटोपून साताऱ्याकडे निघाले की पेठ नाक्याला पुणे-बेंगळुरू महामार्ग लागतो. दोन्ही बाजूंना झगमगती हॉटेले. काउंटरवर पैसे भरा, टोकन घ्या, नंबर पुकारला की आपली प्लेट आपणच उचला. आडनाव कोणी विचारत नाही. आपल्या आजोबांच्या पिढीला गावच्या हॉटेलात वेगळी कपबशी असे. चहा पिऊन ती स्वतः विसळून बाहेरच्या कोनाड्यात ठेवावी लागे. त्या मानाने हे टोकन म्हणजे किरकोळ बदल नव्हे. म्हणूनच परवाचा प्रकार मनाला लागला.

अशाच एका ठिकाणी ऊसतोड कामगार जोडपे दोन लेकरांना घेऊन आले. रांगेत उभे राहून त्यांनी चार वडापाव घेतले आणि पंख्याखालच्या टेबलावर बसले. मुलगी पाणी मागू लागली. टेबलावर ना जग, ना ग्लास. पोऱ्या म्हणाला, "बाटली घ्यावी लागेल." बाप खिसा चाचपतो आहे तोवर मॅनेजर आला. "बाहेर कट्ट्यावर बसा. हे फॅमिलीसाठी आहे." नवरा, बायको आणि दोन मुले, आणखी फॅमिली कशाला म्हणतात? मी विचारले तेव्हा उत्तर आले, "साहेब, बाकीच्या कस्टमरना प्रॉब्लेम होतो." मी त्याच बाकीच्यांपैकी एक होतो. मला कोणी विचारले नव्हते!

याच रस्त्यावर कराडच्या पुढे उंब्रज लागते आणि तिथून मसूरला वाट फुटते. १९०१ साली बाल भीमराव आपला भाऊ आणि भाचे यांच्यासह मसूर स्टेशनवर उतरले. वडील सुभेदार रामजी खटाव तालुक्यातील गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल होते, त्यांच्याकडे ही मुले निघाली होती. अंगावर चांगले कपडे होते, त्यामुळे स्टेशन मास्तर आधी आपुलकीने बोलला. जात कळताच त्याचा चेहरा बदलला. दुप्पट भाडे कबूल केल्यावर एक गाडीवान तयार झाला, तोही गाडी मुलांनी हाकायची या अटीवर. सोबत खायला भरपूर होते, पण पाणी कोणी देईना. ती मुले रात्री उपाशीच झोपली. डबा भरलेला आणि घसा कोरडा! बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे.

पुढे त्यांनीच घडवलेल्या संविधानाच्या कलम १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आला. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ मध्ये प्रवेशाबरोबर हॉटेलातली भांडी वापरण्याचा हक्कही आहे. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि १०० ते ५०० रुपये दंड. आज ५०० रुपयांत महामार्गावर चौघांचे धड जेवणही होत नाही, ही गोष्ट वेगळी.

पण इथे अडचण अशी की मॅनेजरने जात विचारलीच नव्हती. मीही विचारली नाही. मॅनेजरने मळके कपडे आणि चिखलाच्या चपला पाहिल्या, तेवढे त्याला पुरले. १९०१ मध्ये चांगल्या कपड्यांनी जात लपली, आता कपड्यांवरूनच माणूस उठवला जातो. जातीचा पुरावा नसताना कलम ४ लावणे अवघड, हे वकील म्हणून मला मान्य करावे लागते.

मात्र पैसे देऊन टोकन घेतले त्या क्षणी ते जोडपे ग्राहक झाले होते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सेवेतील उणिवेची तक्रार राहत्या जिल्ह्याच्या आयोगातही करता येते. म्हणजे अपमान सातारा जिल्ह्यात झाला तरी जतचा माणूस सांगलीत दाद मागू शकतो. मुदत दोन वर्षे. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकीलही लागत नाही. (हे लिहून मी माझ्याच पोटावर पाय आणतो आहे!) बिल मात्र मागून घ्या. बिल न देणे ही याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. आपल्या बांधवांनी विहारातल्या रविवारच्या बैठकीत हे एकदा तरी वाचून दाखवावे.

आणि राग पोऱ्यावर काढू नये. तो माझ्या टेबलाशी फडके मारताना हळूच म्हणाला, "साहेब, माझं नाव नका लिहू. बाटलीचं शेठनंच सांगितलंय." जग मागे भटारखान्यात होता. मी सांगितल्यावर त्याने तो भरून बाहेर नेला.

तक्रार लिहू या का, असे मी त्या गृहस्थांना विचारले. "जाऊ द्या दादा, ट्रॅक्टर निघंल," एवढेच ते म्हणाले. बायकोने उरलेला वडापाव पदरात बांधला होता. मी आत जाऊन तक्रारवही मागितली. बऱ्याच शोधाशोधीनंतर ती गल्ल्याखालून निघाली. पहिल्या तीन पानांवर बटाट्याच्या पोत्यांचा हिशेब होता, पुढची सगळी पाने कोरी. चौथ्या पानावर तारीख, वेळ आणि माझा बिल क्रमांक घालून मी घडले ते लिहिले, खाली सही केली आणि मॅनेजरकडून पोच मागितली. पोच द्यायला त्याने पंचवीस मिनिटे लावली.