बिल्ला, क्रमांक आणि पुरावा

डब्यावर 'हळद' अशी चिठ्ठी आहे म्हणून आत हळदच असेल, असे आपण गृहीत धरत नाही. झाकण उघडून पाहतो. पण प्रत्येक वस्तूचे झाकण असे उघडता येत नाही. वस्तू जुनी आणि मोलाची असेल तर तिच्यावरची खूण खरी की खोटी हे ठरवायला तर्कशास्त्र, धातुशास्त्र आणि थोडे अंकगणित कामी येते. यासाठी आम्ही अमेरिकेतल्या एका मोटारीचे उदाहरण निवडले आहे. मोटार आपल्या रस्त्यावरची नाही, पण तिच्या परीक्षेतला तर्क मात्र वर्गात रोज उपयोगी पडणारा आहे.

शेव्हरोले कंपनीने 'कॉर्व्हेट' ही स्पोर्ट्स कार १९५३ साली आणली. १९७८ हे तिचे रौप्यमहोत्सवी वर्ष. त्या वर्षीच्या एकूण ४६,७७६ गाड्यांत तीन प्रकार होते. पहिला साधा. दुसरा रौप्यमहोत्सवी रंगाचा, म्हणजे वर फिकट व खाली गडद चंदेरी. अशा गाड्या १५,२८३. तिसरा 'पेस कार'चा. शर्यतीच्या आरंभी सर्व गाड्यांच्या पुढे धावून त्यांना एका वेगात आणणारी गाडी म्हणजे पेस कार. इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत त्या वर्षी हा मान कॉर्व्हेटला मिळाला आणि कंपनीने तिच्या ६,५०२ प्रतिकृती विकायला काढल्या. त्यांचा रंग वर काळा, खाली चंदेरी आणि मधे तांबडी रेघ. नवी असतानाच ही गाडी साध्या कॉर्व्हेटपेक्षा बरीच महाग होती. साहजिकच, साधी गाडी काळी-चंदेरी रंगवून पेस कार म्हणून खपवण्याचा मोह होतो.

बिल्ला काय सांगतो?

गाडीच्या नाकावर आणि पेट्रोलच्या झाकणावर पंचविसाव्या वर्षाचा बिल्ला असतो. नवख्या गिऱ्हाइकाला तो पाहून गाडी 'खास' असल्याची खात्री पटते. वास्तविक १९७८ च्या सर्वच कॉर्व्हेटना तो बिल्ला होता! म्हणजे अस्सल बिल्लासुद्धा फक्त वर्ष सांगतो, प्रकार सांगत नाही. गणिताच्या भाषेत, बिल्ला असणे ही फार तर आवश्यक अट आहे, पुरेशी नाही.

दारावरच्या पेस कारच्या चित्रपट्ट्यांची गोष्ट आणखी मजेदार आहे. त्या कारखान्यात चिकटवल्या जात नसत. गाडीबरोबर सुट्या दिल्या जात आणि लावायच्या की नाही हे मालकाने ठरवायचे. तेव्हा पट्ट्या नसलेली गाडी अस्सल असू शकते आणि पट्ट्या असलेली नकली. इथे खूण आवश्यकही नाही आणि पुरेशीही नाही. खोट्याला खरे म्हणणे ही जशी चूक, तशीच खऱ्याला खोटे म्हणणे हीही चूकच, हे विद्यार्थ्यांच्या मनावर ठसवायला यापेक्षा सोपे उदाहरण मिळणे कठीण.

क्रमांक काय सांगतो?

मग विश्वास ठेवायचा कशावर? समोरच्या काचेतून दिसणाऱ्या एका लहान पट्टीवर गाडीचा १३ चिन्हांचा क्रमांक असतो. १९७८ साली इतर कॉर्व्हेटचे शेवटचे सहा आकडे ४००००१ ते ४४०२७४ असे होते. पेस कारसाठी वेगळी मालिका होती : ९००००१ ते ९०६५०२. दोन्ही मालिकांची बेरीज करून पाहावी. ४०,२७४ आणि ६,५०२ मिळून बरोबर ४६,७७६ होतात. त्यामुळे पट्टी मूळची असेल तर सहा आकड्यांतला पहिला ९ ही पेस कारची आवश्यक आणि पुरेशी, दोन्ही अट झाली.

रौप्यमहोत्सवी रंगाच्या गाड्यांना मात्र वेगळी मालिका दिली नव्हती. त्यांच्यासाठी कागदाचा आधार घ्यावा लागतो. कारखान्यात पेट्रोलच्या टाकीवर एक कागद चिकटवला जाई आणि त्यावर गाडीत कोणकोणत्या गोष्टी बसवल्या त्यांचे संकेत असत. 'बी२झेड' हा संकेत त्या रंगाचा. कागद गळून गेला असेल तर अनुमान तेवढे कच्चे राहते.

धातूची आठवण

पट्टी रिव्हेट काढून बदलता येते. म्हणूनच क्रमांकाचा काही भाग पोलादी सांगाड्यावर आणि इंजिनाच्या ब्लॉकवरही ठोकलेला असतो. समजा, कोणी तो कानशीने घासून नवा ठोकला, तर? ठसा ठोकताना फक्त वरचा धातू दबत नाही. खोलवरच्या स्फटिकांचीही रचना बिघडते. आकडा घासला तरी खालचा ताणलेला थर शिल्लक राहतो. पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर हायड्रोक्लोरिक आम्ल व कॉपर क्लोराइड यांचे द्रावण लावले, की ताणलेला भाग आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळ्या गतीने झिजतो आणि पुसलेला आकडा पुन्हा उमटू लागतो. गुन्हे-अन्वेषणाच्या प्रयोगशाळांत ही पद्धत नेहमीची आहे. तिलाही मर्यादा आहे : ताणलेला थरही घासला गेला असेल तर काहीच दिसत नाही. 'काही दिसले नाही' म्हणजे 'काही नव्हते' असे नव्हे.

आम्लाचा प्रयोग वर्गात करू नये. त्याऐवजी तांब्याची तार ज्योतीत लाल होईपर्यंत तापवून थंड होऊ द्यावी. ती सहज वाकते. तीच तार एकाच जागी दहा-बारा वेळा वाकवली की ताठर होते. दिसायला तार तीच, पण तिच्या आत घडलेल्या गोष्टीची नोंद धातूने ठेवलेली असते.

तपासअंकाची मर्यादा

१९८१ च्या मॉडेलपासून अमेरिकेत क्रमांक १७ चिन्हांचा झाला आणि नववे चिन्ह तपासअंक ठरले. प्रत्येक अक्षराला एक अंक ठरवून दिलेला आहे. सतरा स्थानांना अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २, १०, ०, ९, ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचे, बेरजेला ११ ने भागायचे. उरलेली बाकी म्हणजे तपासअंक. बाकी १० आली तर 'एक्स' लिहितात. जुन्या पुस्तकांवरच्या दहा अंकी आयएसबीएनमध्येही ११ चीच युक्ती आहे.

आता सतराही ठिकाणी १ लिहा. बेरीज ८९, बाकी १; नववे चिन्हही १. क्रमांक नियमात बसला! शेवटचा १ बदलून २ करा. बेरीज ९१, बाकी ३. चूक लगेच सापडली. म्हणजे तपासअंक लिहिताना झालेली चूक पकडतो, पण लबाडी पकडेलच असे नाही. कारण सतरा एक्क्यांची गाडी कोणी बनवलेली नाही. आपल्या शाळेतल्या स्कूटरच्या चासी क्रमांकाला मात्र ही कसोटी लावून तिला नकली ठरवू नये. तपासअंकाची सक्ती उत्तर अमेरिकेत आहे, सगळीकडे नाही.

बिल्ला, रंग, पट्टी, कागद, सांगाडा, इंजिन यांतला एकेक पुरावा चुकू शकतो. इंजिन तर प्रामाणिक मालकानेही बदललेले असू शकते. पण परस्परांवर अवलंबून नसलेले अनेक पुरावे एकाच दिशेला बोट दाखवतात तेव्हा ते सगळे एकदम चुकण्याची शक्यता फार कमी उरते. पृथ्वीचे वय असो की जुनी मोटार, विज्ञानाची खात्री अशीच तयार होते. विद्यार्थ्याने 'पुस्तकात छापले आहे' असे उत्तर दिले, तर त्याला एवढेच विचारावे : हा बिल्ला झाला, क्रमांक कुठे आहे?